नववी ‘क’ची राष्ट्रपती

राष्ट्रपती व्हायला वयाची पस्तीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्या वर्षी मला चौतीसच झाली होती, म्हणून देश वाचला. बाकी सगळ्या अटींत मी बसत होते. भारताची नागरिक होते. लोकसभेवर निवडून जायला अपात्र ठरावं असं काही केलं नव्हतं. आणि लाभाचं पद तर नव्हतंच. जोगेश्वरीच्या एका मुलींच्या मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवणं हे लाभाचं पद आहे असं कुठलंही न्यायालय म्हणणार नाही.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं कुणाला फार आश्चर्य वाटायला नको. गोरेगावच्या चांगल्या घरातली सून. कडक खळीची सुती साडी, कोपरापर्यंत बाह्या. चष्म्याचा नंबर पाऊण, पण फ्रेम मात्र हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना शोभेल अशी जाड आणि काळी. राज्यघटनेची एक गलेलठ्ठ प्रत मी रोज पिशवीतून शाळेत नेत असे. वाचायला नव्हे, टेबलावर आपटायला. ती आपटली की वर्ग गप्प होई, आणि वर्ग गप्प झाला म्हणजे लोकशाही रुजली अशी माझी समजूत होती.

त्या काळी शाळाशाळांतून शालेय मंत्रिमंडळं असत. सफाईमंत्री फळा पुसायची, आरोग्यमंत्री नखं तपासायची, पाणीमंत्री माठ भरलाय का ते बघायची. मला एवढ्यावर समाधान कुठलं! मी माझ्या नववी ‘क’मध्ये पंतप्रधान नेमली आणि शिवाय एक राष्ट्रपती. अख्ख्या मुंबईत राष्ट्रपती असलेला वर्ग एकच होता, आणि तो माझा होता. वर्गशिक्षिका म्हणून मी कोण होते, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. विचारला असता तर मी बहुतेक ‘घटना समिती’ म्हटलं असतं.

गोरेगावच्या बाजारात जाऊन मी रबरी शिक्का करून आणला: ‘राष्ट्रपती, नववी क’. शिक्केवाल्याने कागद वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कुठे पाठवायचा, दिल्लीला?”

“नाही, जोगेश्वरीला,” मी ताठ मानेने म्हटलं.

राष्ट्रपती कुणाला करायचं यावर मी मुलींना एकच कसोटी दिली होती. कुणाशी जिचं भांडण नाही अशी मुलगी सांगा. सगळ्या जणींनी हजेरी क्रमांक तीसकडे बोट दाखवलं. बारकीशी, तेलाने चप्प बसवलेल्या दोन वेण्या, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. लेण्यांच्या बाजूला चढावर ज्या बैठ्या चाळी होत्या त्यांतल्या एकीत राहायची. मला आवडली. शोभेच्या जागेला शोभेल अशी होती. मी तिला शपथ दिली, घटनेचं जतन, संरक्षण आणि बचाव करीन म्हणून. ती शपथ तिने मनावर घेईल असं मला वाटलं नव्हतं.

मी क्रमांकच सांगते, नावं सांगत नाही. एक तर ती सांगायची नाहीत, आणि दुसरं म्हणजे तेव्हाही मी त्या मुलींना क्रमांकानेच ओळखत होते. नावं घेऊन हजेरी घ्यायला वेळ लागतो. म्हणून मी खाली मान घालून, एका हाताने वह्या तपासत, तोंडाने आकडे म्हणायचे. सव्वीस, हजर. सत्तावीस, हजर. असं साठपर्यंत. मान वर करायची गरज मला कधी वाटली नाही.

तिसाच्या शेजारी, एकाच बाकावर, एकोणतीस बसायची. दोघी एकाच चाळीतल्या, दोघींचे बाप कोकणातले आणि गिरणीतले. संपाचं ते दुसरं वर्ष होतं. बाप घरी, दारातल्या पायरीवर बसलेला, आणि आई हेअरपिना कार्डावर लावायचं काम घरी आणणारी. पुठ्ठ्याच्या एका कार्डावर पिनांच्या ओळी लावायच्या, मग पुढचं कार्ड. एकोणतिसाची बोटं पटपट चालत म्हणून तिला घरी बसवत. आठवड्यातून दोन दिवस शाळेत यायची ती बोटांची टोकं काळी घेऊन, पिनांचा रंग लागलेली. माझ्या आरोग्यमंत्रीने तिची तीनदा तक्रार केली होती. मी तिला तीनदा हात धुवायला पाठवलं होतं. रंग कसला, हे एकदाही विचारलं नाही. एवढी जाड फ्रेम, पण तेवढं दिसलं नाही.

आणि तरी माझ्या हजेरीपटावर एकोणतीस रोज हजर होती. कारण ती आली नसली की तिसाव्या क्रमांकाची मुलगी आधी जरा घोगऱ्या आवाजात “हजर” म्हणायची, मग श्वास घेऊन आपल्या आवाजात “हजर” म्हणायची. जूनपासून दिवाळीपर्यंत. साठ मुलींना ठाऊक होतं. मला नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पंतप्रधान मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. ही मुलगी पुढे नक्की कुठेतरी मोठी अधिकारी झाली असणार. तिच्या दप्तरात पट्टीसुद्धा सरळ असायची.

“बाई, एकोणतीसची हजेरी कुणीतरी दुसरं देतं.”

“कोण देतं?”

“ते मी नाही सांगणार. पण ती येत नाही, एवढं खरं.”

मला राग आला. एकोणतिसाचा नव्हे, स्वतःचा तर अजिबात नव्हे. मला फसवलं याचा राग आला. त्याच आठवड्यात मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मला बोलावून म्हणाले, “बाई, नववीतच चाळण लावू या. पुढच्या वर्षी दहावीला निकाल शंभराच्या जवळ गेला पाहिजे. सतत गैरहजर राहणाऱ्या, काठावरच्या पोरी आत्ताच पटावरून कमी करा. यादी द्या मला.”

“सर, पालक भांडायला येतील.”

“म्हणून तर म्हणतो. तुमचं ते मंत्रिमंडळ आहे ना? त्यांच्याकडून ठराव करून घ्या. मुलींनीच ठरवलं म्हटल्यावर पालक कुणाशी भांडणार?”

आता कळतं, ते काय म्हणत होते. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की माझ्या प्रयोगाची दखल घेतली गेली. मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, आमच्या वर्गातला ठराव आता खराखुरा ठराव होणार. त्या गवार मोडत होत्या. म्हणाल्या, “खराखुरा म्हणजे? पोरीचं शिक्षण खरंच बंद होणार?” मी म्हटलं, “आई, तसं नाही, ही प्रक्रिया असते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवार मोडायला घेतली.

शुक्रवारचा शेवटचा तास. पंतप्रधानने उभं राहून वाचलं: हजेरी क्रमांक एकोणतीस हिचे नाव सतत गैरहजेरीमुळे पटावरून कमी करावे अशी शिफारस. मंत्र्यांनी हात वर केले. एकोणतीस अर्थातच त्या दिवशीही आली नव्हती. कागद राष्ट्रपतीकडे गेला, शिक्क्यासकट.

तिने तो वाचला. एकदा, मग पुन्हा. पेन उचललं, खाली दोन शब्द लिहिले, सही केली आणि कागद पंतप्रधानकडे परत दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘फेरविचार करावा’.

वर्गात एकदम कुजबुज झाली. आणि मी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या! कारण पुस्तकात तेच होतं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, पण एकदा, फक्त एकदाच, कागद फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मी गेल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. ‘एकदाच’खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. माझं पाठ्यपुस्तक वर्गात चालू-बोलू लागलं याचा मला इतका आनंद झाला की त्या कागदावर एका पोरीचं नाव आहे हे मी विसरले.

मंत्रिमंडळाने दोन मिनिटांत फेरविचार केला. शिफारस तीच. कागद पुन्हा तिसाव्या क्रमांकापुढे आला.

“आता सही करावीच लागते,” मी म्हटलं. “दुसऱ्यांदा नाही म्हणता येत. बरोबर ना?”

“हो बाई.”

“मग कर.”

ती उभी राहिली. “बाई, किती दिवसांत करायची?”

“म्हणजे?”

“म्हणजे घटनेत लिहिलंय का? किती दिवसांत सही करायची ते?”

मी पिशवीतली घटना काढली, पानं उलटली. अख्खा वर्ग बघत होता. घंटा होईपर्यंत मी पानं उलटत राहिले, आणि मला मुदत सापडली नाही. ती मुळात नाहीच. मी दहा वर्षं ते शिकवत होते, आणि ही गोष्ट चौदा वर्षांच्या पोरीने मला दाखवून दिली.

तिने कागद घडी करून नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवला. “मग मी बघते, बाई,” म्हणाली. अगदी नम्रपणे म्हणाली.

त्यानंतर रोज मी विचारायचे, “राष्ट्रपती, सही झाली का?” रोज ती उठून म्हणायची, “विचार करतेय, बाई.” मुली तोंडावर हात धरून हसायच्या. आणि रोज संध्याकाळी, हे मला फार नंतर कळलं, ती चाळीत जाऊन एकोणतिसाच्या आईशेजारी बसून पिना लावायची. आपली कार्डं आणि एकोणतिसाचीही, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला शाळेत येता यावं. त्या पंधरा दिवसांत एकोणतीस अकरा दिवस आली होती. माझ्या हजेरीपटावर ते आहे. आता मी मान वर करून हजेरी घेत होते, त्यामुळे ते अकरा दिवस खरे होते. तिला आणखी थोडे दिवस हवे होते. म्हणून तर कागद अडवून धरला होता. एवढा साधा हिशेब, आणि मी समजले की पोरगी माझ्याशी अडून बसली आहे.

नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरमागून म्हणाला, “तुझी राष्ट्रपती तुझ्यापेक्षा नीट वाचते.”

“तू गप्प बस. मोठे सर रोज विचारतात.”

“मग सांग त्यांना, राष्ट्रपती विचार करतायत.”

तो गंमत करत होता. पण मी खरंच तसं सांगू शकले असते. सर, ती यायला लागली आहे, एकदा फेरविचार करू या. एवढंच. माझ्याही हातात ‘एकदा’ होतं. मी ते वापरलं नाही. मोठ्या सरांच्या खोलीत उभी राहून मी म्हटलं, “सोमवारी देते, सर.”

सोमवारी मी राष्ट्रपतीवर महाभियोग चालवला.

हसू नका. मी खरोखर फळ्यावर लिहिलं, ‘महाभियोग’. कारण: घटनेचा भंग. एकोणतीस त्या दिवशी आली नव्हती. आईला ताप होता. तिसावी मुलगी एकटीच बाकावर होती.

“बाई,” ती उठून म्हणाली, “चौदा दिवस आधी नोटीस द्यायला लागते ना?”

द्यायला लागते. मीच शिकवलं होतं. चौदा दिवसांऐवजी मी तिला मधली सुट्टी दिली.

सुट्टीनंतर विचारलं, “तुला काही बोलायचंय?” तोही अधिकार असतो राष्ट्रपतींना, आपली बाजू मांडायचा. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, कदाचित मी थांबले असते. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “तिची हजेरी मी देत होते. तिने सांगितलं नव्हतं. माझं नाव काढा, तिचं ठेवा.”



“आणि राष्ट्रपतींना माफीचा अधिकार असतो,” ती जरा थांबून म्हणाली. “मी तिला माफ केलंय.”

“माफीसुद्धा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच द्यायची असते,” मी म्हटलं. वाक्य अगदी बरोबर होतं. अजूनही बरोबरच आहे. ते म्हणतानाचा माझा आवाज मला आजही ऐकू येतो, आणि मला त्या बाईच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते. पण ती चौतिसाची, मी आता एवढी म्हातारी, तिच्या गालापर्यंत माझा हात कसा पोचणार!

हात वर झाले. मी मोजले. दोन तृतीयांशांपेक्षा जास्त. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला मी राष्ट्रपती केलं. ती कागदावर वाकून म्हणाली, “कुठे करू, बाई? इथे? खाली पण करू?” मी नवा कागद लिहायला लावला होता, कारण जुना तिसाव्या क्रमांकाच्या पुस्तकातच राहिला होता, आणि तो मागायचं धाडस मला झालं नाही. नवीन राष्ट्रपतीची सही म्हणजे नुसती एक गोल गाठ होती. त्यावर शिक्का: ‘राष्ट्रपती, नववी क’. नाव नव्हतं. पदाला नाव कशाला?

तो कागद मोठ्या सरांच्या पत्राबरोबर एकोणतिसाच्या घरी गेला.

तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी उभी होती. ताप उतरला नव्हता बहुतेक. डोक्याला फडका बांधलेला, हातात पिनांच्या कार्डांची पिशवी. मला बघून पुढे आली.

“बाईनूं, चेडवाचा नाव काढू नकात. आता येता ना ती? संप मिटलो काय मी तिका रोज धाडतलंय.”

मी म्हटलं, “मुलीचं नाव ठेवणं आता माझ्या हातात नाही. मंत्रिमंडळाने ठरवलंय. राष्ट्रपतींची सही झालीय.”

तिला वाटलं असेल, खरोखरचं मंत्रिमंडळ. दिल्लीचं. दुसरं काय वाटणार? मी खुलासा केला नाही. तिने पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि चढाच्या दिशेने गेली. पटावर एकोणतिसावर मी तांबड्या शाईने रेघ मारली. वर्ष संपेपर्यंत पुढचे क्रमांक बदलायचे नसतात, म्हणून मी रोज “अठ्ठावीस” नंतर “तीस” म्हणायचे. तिसावी मुलगी लगेच उत्तर द्यायची नाही. मधला एक श्वास घ्यायची, जेवढा पूर्वी घ्यायची तेवढा, आणि मग म्हणायची, “हजर.”

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, ती माझ्या टेबलाशी आली आणि घडी केलेला कागद ठेवला. “हा माझ्याकडेच राहिला होता, बाई.”

उघडून पाहिला. वरच्या बाजूला ‘फेरविचार करावा’ आणि तिची सही. खाली, दुसऱ्यांदा सही करायची जागा, मोकळी.

“आता कशाला?” मी म्हटलं.

“जिला दाखवायचा होता ती आता इथे राहत नाही,” ती म्हणाली. “गेली ती. तुम्ही ठेवा.”

मी कागद घटनेच्या प्रतीत ठेवून दिला. ती मुलगी पुढे दहावी झाली. माझ्याशी पुन्हा कधी वर्गाबाहेर बोलली नाही.

यानंतर दोन-तीन वर्षांनी पेपरात यायला लागलं की खऱ्या राष्ट्रपतींनीही टपालाबद्दलचं एक विधेयक तसंच ठेवलंय. ना सही, ना परत. शिक्षकांच्या खोलीत चर्चा रंगली. मी चष्मा सावरत म्हटलं, “घटनेत मुदतच दिलेली नाही, हे मी केव्हाच शिकवत आलेय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ही गोष्ट मला कुणी शिकवली, ते मी बोलले नाही.

मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं त्या वर्षी आम्हा शिक्षकांना घरोघर फिरून नव्या मतदारांची नावं लिहायचं काम लागलं. माझ्या वाट्याला चारकोप आलं. सेक्टरांचे नंबर, सगळीकडे सारखी दिसणारी बसकी घरं, अर्धी बांधलेली, वाळूचे ढीग, आणि अंगावर येणारं ऊन. एका दारात विशीची एक मुलगी कडेवर मूल घेऊन उभी राहिली.

“बाई?”

मी ओळखलं. “एकोणतीस,” मी म्हटलं. नाव आठवलं नाही. फॉर्मवर लिहायचं म्हणून मला तिलाच तिचं नाव विचारावं लागलं. तिने सांगितलं. लग्नानंतरचं होतं, पण पहिला शब्द तरी जुना असणार, आणि तोही मला आठवला नाही.

“वयाचा दाखला आहे का काही?”

तिने ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला आणला. अक्षर माझंच होतं. ‘शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजेरी.’ त्यावरून मी तिची जन्मतारीख यादीत उतरवून घेतली. माझ्याच हाताने एका पटावरून काढलेलं नाव माझ्याच हाताने दुसऱ्या यादीत चाललं होतं, आणि तिने मला पाणी आणून दिलं. बोटं स्वच्छ होती. मी पाहिलीच.

“बाई, एक विचारू? रागवाल का?”

“विचार ना.”

“ती सही तिनेच केली होती ना?”

मी पाणी पीत राहिले.

“ती म्हणायची, मी नाही केली,” एकोणतीस म्हणाली. मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून ती हळू बोलत होती. “नळावर माझा हात धरून सांगत होती, आईची शप्पथ घेऊन. पण कागदावर शिक्का होता ना राष्ट्रपतीचा. आणि राष्ट्रपती तर तीच. मी काही ऐकायला-बघायला तयार नव्हते, ढकललं तिला, बाई. हंडा पडला तिचा, सगळं पाणी गेलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही मामाकडे कांदिवलीला आलो. नंतर कधी भेटच नाही. मला आपलं वाटतं कधीकधी, की खरं बोलत असली तर?”

सांगायचं एवढंच होतं की तिने नाही केली. तीन शब्द. कागद घरी होता, घटनेत, घडी न मोडता. पण ते सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येणार होता, मग कुणी केली, आणि त्याच्या पुढचा, कुणी करायला लावली. चाळिशीची होते मी तेव्हा. राष्ट्रपती व्हायला पुरेसं वय होतं.

“जाऊ दे गं, जुनं कशाला उगाळायचं,” मी म्हटलं आणि फॉर्म पुढे केला. “सही इथे कर.”

तिने केली.

घरी जाताना ठरवलं की येत्या रविवारी कागद घेऊन परत यायचं. मग तो रविवार गेला. मग निवडणुकीचं काम, मग परीक्षा, मग सासूबाईंचं आजारपण. कधी जायचं याची मुदत कुणी घातली नव्हती. दोन वर्षांनी गेले तेव्हा त्या घरात दुसरे लोक होते. आधीचे कुठे गेले, त्यांना ठाऊक नव्हतं. तिसाव्या क्रमांकाचा पत्ता शाळेत होता, पण तो चढावरच्या चाळीचा, आणि तिथे तोवर कुणी जुनं उरलं नव्हतं.

परवा नातीने स्पर्धा परीक्षेसाठी माझी ती घटनेची प्रत मागितली. झटकली तेव्हा कागद खाली पडला. तिने उचलून वाचला आणि विचारलं, “आजी, हे कुणी लिहिलंय? आणि खाली सही का नाही?” मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तू तेव्हा सांगायला हवं होतंस.” मी म्हटलं, “हो.”

म्हणून आता इथे सांगते. एकोणतीस, तू कुठेही असशील, ती सही तिने केली नव्हती. मी तिला काढून दुसरीकडून करवून घेतली. तिची खरी सही माझ्याकडे आहे, ‘फेरविचार करावा’ या शब्दांखाली. त्याच्या खालची जागा अजून मोकळी आहे. नळावर ती खरं बोलत होती.